स्टेशनबाहेर चालू ठेवलेली गाडी

आमच्या गाडीची बॅटरी मीच संपवली. तेव्हा मात्र मी मेकॅनिकला शिव्या घातल्या, बॅटरीला घातल्या, आणि लाइट घालवणाऱ्यांना तर रोजच घालत होतो.

पेन्शनीत निघाल्यावर बायकोच्या हट्टापायी ती जुनी पांढरी गाडी घेतली होती. बायको गेली आणि गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली उभी राहिली. कुरखेड्यात गाडी काढून मला जायचं होतं कुठं? बाजार पायी, बँक पायी, दवाखाना पायी. पण त्या वर्षांत भारनियमन फार. दिवेलागणीलाच लाइट जायची आणि अंधारात ते चार खोल्यांचं घर खायला उठायचं. एक दिवस सहज गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या, रेडिओ लावला. गाडी कशी, एक माणूस बसला तरी भरल्यासारखी वाटते. मग ते रोजचंच झालं. घरात लाइट आलेली दिसायची तरी मी तिथंच बसून. इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकला की बॅटरी उतरते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी! पण आज एवढ्यानं काय होतंय, असं रोज म्हणायचो.

लेक पुण्याला. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी मी म्हणायचो, मजेत आहे. दिवाळी झाल्यावर तिनं कळवलं, गोंदियाच्या पॅसेंजरनं वडशाला, आमच्या जवळच्या स्टेशनवर, उतरतेय.

"पुढे मी बसनं येईन बाबा. आणि ह्या वेळी बघूनच ठरवणार आहे. तुम्हाला एकट्याला जमत नसेल तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्यासोबत चलायचं."

मी उखडलोच. "जमत नाही म्हणजे काय? गाडी घेऊन वडशाला येतो, पाहशील!"

तिच्या दोन खोल्यांत अडगळ होऊन पडायचं नव्हतं मला. गाडी घेऊन ऐटीत स्टेशनवर उभा राहिलो की तिचा तो विषयच संपणार होता.

त्या सकाळी इस्त्रीचा सदरा घातला आणि किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. समोरचा लाल दिवा मिणमिणला आणि विझला. मेले, आजच?

बॅटरी बसली तरी धक्का मारून गाडी सुरू होते. पण धक्क्याला माणसं लागतात. एक जण आत, दोघं-तिघं मागून. धानाची कापणी चाललेली, अख्खी गल्ली रिकामी. मग मी दार उघडं ठेवून एकट्यानंच खांदा लावला. गाडी कशीबशी रस्त्यावर आणली, पण मी उडी मारून आत बसेपर्यंत ती थांबलेली असायची. तीनदा केलं. चौथ्या वेळी छातीत धडधडायला लागलं तेव्हा बोनेटला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात शेजारची म्हातारी दिसली. विळा घेऊन दोन्ही सुनांसोबत बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, निघालेली. हिच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो. बायको गेल्यावर ती रोज वाटीभर भाजी आणून द्यायची. एक दिवस मी ओरडलो, "मी काय भिकारी आहे? उद्यापासून आणू नका." तिनं आणली नाही. मला वाटलं होतं, तरी आणेल.

"काऊन गुरुजी, गाडीसंगं कुस्ती खेळून राह्यले का?"

"बॅटरी बसली."

"मंग आवाज द्याले का झालं होतं? आमी का मेलो होतो?"

तिनं विळा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. "चला वं पोरीहो. गुरुजी, तुमी आत बसा, नाईतर तुमालेच ढकलावं लागन."

सुना तोंडावर पदर धरून हसल्या आणि तिघींनी मिळून असा काही धक्का दिला की गाडी गचके खात सुरू झाली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बंद पडली असती. ते खरं, पण काचेतून हात तरी हलवता आला असता.

पॅसेंजरच्या आधी पोचलो. रस्त्यात बॅटरी थोडीफार चार्ज झालीही असेल, पण बंद करून पाहायची हिंमत कोणाची? चालू गाडी सोडून प्लॅटफॉर्मवर जाता येईना. बाहेरच बसून राहिलो, एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. लेक बॅग ओढत बाहेर आली, इकडेतिकडे पाहू लागली. मी हॉर्न वाजवला.

"आत का नाही आलात? मी सगळ्या प्लॅटफॉर्मवर शोधलं."

"बस, बस. उशीर होतोय."

"उतरा तरी. पाया पडू द्या."

"घरी पड."

ती खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. "काय झालंय, बाबा? आधी गाडी बंद करा."

"नाही करता येत."

वायर खराब आहे, मेकॅनिक चोर आहे, असं सगळं सांगायचं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. तोंडून भलतंच निघालं.

"बॅटरी उतरलीय. मी रोज संध्याकाळी हिच्यात बसून रेडिओ ऐकतो."

"घरात रेडिओ आहे ना?"

"आहे."

तिनं पलीकडचं दार उघडून बॅग सीटवर टाकली, आत वाकली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"अगं, हे काय केलंस! आता ही सुरू व्हायची नाही!"

"नको होऊ दे," ती म्हणाली. "उतरा."

मी उतरलो. ऑटोवाले बघत होते, चहावाला बघत होता. ती वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू कोसळलं. तिची आई गेली त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो.

"मला एकट्याला नाही गं जमत," मी म्हणालो.