कंटेनरमध्ये अडकलेला माग

आमच्या अप्पांना शांततेत झोप लागत नाही. जन्म गेला यंत्रमागाच्या खडखडाटात. घरामागचा कारखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या दिवशी अप्पा माग चालवत असताना मी सबंध दुपारचा आवाज रेकॉर्ड केला. अप्पांच्या फोनमध्ये सुविचारांच्या व्हिडिओंनी तसूभर जागा ठेवली नव्हती, म्हणून तो घरच्या सर्वरवर, म्हणजे कपाटावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवला. मी काही तो पुरता ऐकला नव्हता. जेवण झालं की अप्पा फोनवरून तो लावत आणि घोरू लागत.

मग मला हुक्की आली. आवाज वाजवणारा प्रोग्रॅम मी कंटेनरमध्ये हलवला. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात एकेका कामाला दिलेली स्वतंत्र खोली. चांगलं चाललेलं उकरून काढायची मला खोडच आहे. झालं, अप्पांच्या फोनवर नुसतं पांढरं पान. अप्पा दुपारभर कूस बदलत राहिले, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटण्याआधी कुतूहल वाटलं.

वायफाय ठीक होतं. फोन सर्वरपर्यंत पोचत होता. पोर्ट, म्हणजे त्या खोलीचं दार, उघडं होतं. राउटर उगाचच बंद करून चालू केला. शेवटी कंटेनरच्या आत शिरून हाक मारली, तर प्रोग्रॅमने लगेच ओ दिली. आत बोलका, बाहेर मुका, हे काय गौडबंगाल? सेटिंग उघडलं तेव्हा उमगलं. कुठूनतरी उचललेल्या नमुन्यात त्याला फक्त स्वतःच्याच पत्त्यावर ऐकायला सांगितलं होतं. खोलीबाहेरची हाक त्याच्या कानावर जाणार कशी? मी ती एक ओळ बदलली.

फोन अप्पांच्या उशाशी ठेवला. खडखडाट सुरू झाला, अप्पांनी डोळे मिटले. फार बरं वाटलं. मी दारातच ऐकत उभा राहिलो. थोड्या वेळानं आवाज एकदम थांबला. मी लॅपटॉपकडे वळणार, तोच अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "तुझ्या सर्वरला काय झालं न्हाय. धागा तुटलाय. थांब, जोडतोय की मी."

मी थांबलो. फोनमधून अनवाणी पावलं चालत आल्याचा आवाज आला, आणि माग पुन्हा सुरू झाला.