हैदराबादचा हेल
अंबाडी शिजायला लागली की तिच्या आंबट वासाबरोबर मला अजून काठ्यांचा आवाज ऐकू येतो. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. औरादकडच्या आमच्या घरी आई, वहिनी आणि मी दुपारी अंबाडीची पानं खुडत बसलो होतो. सोबत शेजारची मुसलमान चाची होती. आईनं तिला आपलं लुगडं नेसवून, कपाळाला कुंकू लावून आमच्यात बसवलं होतं. परगावची माणसं काठ्या आपटत आत शिरली, लपलेल्या मुसलमान बायका हुडकत. "एकेकीनं बोला. बोलीवरनं कळतंय कोण कुठली ते." आई बोलली. चाची याच गल्लीत जन्मलेली. तिचं बोलणं हुबेहूब आईसारखं निघालं. वहिनी मात्र हैदराबाद शहरात वाढलेली. "हौ, मी इथलीच," ती त्या शहरी, उर्दू वळणाच्या हेलात म्हणाली, आणि एकानं तिचा दंड धरून तिला उठवलंच. तेवढ्यात चाचीच खेकसली, "सोड तिला, अण्णा! आमची सून हाय ती. हैदराबादेत वाढली म्हणून तशी बोलायलीय. न्हाई पटत तर इचार गावात!" गावात विचारलं असतं तर पहिली चाचीच मेली असती. ते गेले. चाचीच्या मुठीतल्या पानांचा लगदा झाला होता. आता पुण्यात कुणी सहज हसून म्हणतं, "बोलण्यावरून तुम्ही तिकडच्या वाटता." मी आधी त्याच्या हातांकडे बघते, मग "व्हय" म्हणते.