सोमवारचा धूर

फ्लॉरी,

ग्रंथालयवाल्यांना गार्नेट स्ट्रीटच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी तुझ्यावर पानभर मजकूर हवा आहे. 'कष्टाळू, हसतमुख' असलं काही मी लिहिणार नाही. कष्टाळू तर चौकातल्या सगळ्याच होत्या, नाहीतर जगल्या कशा असत्या? आणि हसतमुख तू कधी होतीस? त्यापेक्षा तुलाच लिहिते. तू गेलीस, त्यामुळे मध्ये तोंड घालणार नाहीस, एवढीच काय ती सोय.

तुझा पत्ता अठ्ठेचाळीस नंबरच्या घरामागचं तीन नंबर, आमचं एक नंबर. रस्त्याकडच्या घरांच्या पाठीला पाठ लावून आपली घरं. मागचं दार नाही, मागची खिडकी नाही. खाली एक खोली, तिच्यावर एक, तिच्यावर आणखी एक. त्यात तू, तुझा होरेस, पोरं आणि तुझी आई लेटी. तू दिवसभर बटणांच्या कारखान्यात यंत्रावर, घर लेटीच्या अंगावर. बर्मिंगहॅमच्या त्या भागात यात नवल काहीच नव्हतं.

घरांच्या मधल्या सामाईक चौकात नळ एक आणि धुण्याची खोली एक, तिच्यात चूल आणि पाणी तापवायचा हंडा. तिची किल्ली रोज संध्याकाळी पुढच्या घरी जायची. सोमवार तुमचा, मंगळवार आयव्ही गॉसलिंगचा, बुधवार आमचा. एक वेळ शेजारणीचा नवरा उसना मिळाला असता, वार मिळाला नसता.

मग बातमी आली की नगरपालिकेचा माणूस कॅमेरा घेऊन येणार. चौकातली घरं पाडायची होती, त्याआधी फोटो हवे होते. आपल्या बायकांनी ठरवून टाकलं की ही परीक्षा आहे. घर स्वच्छ आणि माणसं मोजकी दिसली तरच नवं घर मिळणार! कोणी कोणाला विचारलं नाही. उंबरे घासले, वाळत घालायच्या दोऱ्या उतरवल्या, पोरांना शाळेत पिटाळलं. सोमवार असून धुणं बंद. आणि जास्तीची माणसं लपवली. तू आईला धुण्याच्या खोलीत कोंडलंस, बाहेरून कुलूप लावलंस आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकलीस.

"मी काय मांजर आहे का गं?" लेटी आतून ओरडली.

"मांजर गप्प तरी बसतं, आई!"

संध्याकाळी बाहेर आली ती तोऱ्यातच. "त्या कॅमेरावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघितलंय मी खिडकीतून. आलेय मी फोटोत. लपवा आता!"

फोटो आपल्याला कोणी दाखवला नाही. नंतर कळलं ते वेगळंच. माणसं जास्त दिसली असती तर घर मोठं मिळालं असतं. आपण झाडूनपुसून, माणसं दडवून स्वतःचंच नुकसान करून घेतलं. तुम्हाला उंच इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. लेटीला त्यात जागा नव्हती, ती डडलीला बहिणीकडे गेली आणि तिथेच वारली. तिचा एकुलता एक फोटो लग्नातला, तो युद्धात बाँबहल्ल्यात भिंतीसकट गेलेला. तेव्हापासून तू एकच धरून बसलीस: आई त्या खिडकीत आहे.

म्हातारपणी ग्रंथालयाच्या पेट्यांमध्ये आपल्या चौकाचा तो फोटो मला सापडला, तेव्हा तुला फोन केला. तू लिपस्टिक लावून आलीस. गुडघा धरून बसमधून उतरलीस.

"हे काय, लिपस्टिक?" मी म्हटलं.

"आईला भेटायला चाललेय, बेरिल. अशीच जाऊ?"

फोटो टेबलावर ठेवला. चौक ओळखीचा आणि तरी परका, कारण त्यात चिटपाखरू नव्हतं. घासलेले उंबरे, रिकाम्या खुंट्या, कोपऱ्यात धुण्याची खोली. तू भिंग घेऊन खिडकीवर वाकलीस. बराच वेळ वाकून राहिलीस. काच नुसती पांढरी होती.

"चुना फासलाय कोणी?" तू म्हणालीस. आवाज पडला होता तुझा.

मी भिंग ओढून घेतलं. मला धीर कमी, हे तुला माहीत आहे. "चुना नाही. वाफ आहे. आणि हे बघ, धुराड्यातून धूर निघतोय. कोणीतरी हंड्याखाली चूल पेटवलीय."

"त्या दिवशी धुणं बंद होतं."

"आत कोण होतं?"

"आईच. किल्ली माझ्याकडे..." तू थांबलीस. मग खुर्चीत मागे रेललीस आणि हसलीस, खरंच हसलीस. "काय बाई आहे! राणी आली असती तरी हिने सोमवार सोडला नसता. संध्याकाळी चादरी पिळून ठेवल्या होत्या तिने. मी त्यावरून भांडले तिच्याशी! स्वतःच वाफ केली आणि म्हणे डोळ्याला डोळा भिडवला."

"चेहरा नाही मिळाला, फ्लॉरी."

"गप्प बस गं, कॉलेजवाली. चेहऱ्याने काय होतं? ती काम करतेय त्यात."

धुरावर बोट ठेवून तू बसून राहिलीस. तिथल्या बाईने फोटोला हात लावू नका म्हणून सांगितलं, तर तिलाच म्हणालीस, "माझी आई आहे."

मग पर्समधून काढलीस ती धुण्याच्या खोलीची किल्ली. चौक सोडला तो सोमवारच होता, आणि गॉसलिंगांची सामानाची गाडी दुपारीच निघून गेली होती, म्हणून ती तुझ्याकडेच राहिलेली. "आयव्हीला द्यायची आहे. मंगळवार तिचा."

"आयव्ही चेल्मस्ली वुडला बाराव्या मजल्यावर राहते. दे, मी नेऊन देते."

"तू कशी देशील? तुझा बुधवार. ज्याचा वार संपला त्याने हातात द्यायची. मी येणार. गुडघा जरा बरा होऊ दे."

परत जाताना ती माझ्याकडे ठेवायला दिलीस, कारण तुझ्या पर्सचं अस्तर फाटलं होतं. गुडघा काही बरा झाला नाही, आणि थंडी सरायच्या आत तू गेलीस. किल्ली माझ्या कपाटाच्या खणात आहे, रबरबँडांच्या डब्याशेजारी. आयव्हीला मी किल्लीचं सगळं सांगितलंय. तिचा मधूनमधून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते आणि ठेवताना विचारते, "काय गं बेरिल, माझा मंगळवार कधी?"