ऊनवाल्या अक्का

एप्रिलच्या भर दुपारी आमच्या शुक्रवार पेठेत रस्त्यावर दोनच जीव दिसायचे, एखादं चुकार कुत्रं आणि अक्का. त्यातलं कुत्रं तरी सावली धरून चालायचं. अक्का मुद्दाम उन्हाच्या बाजूनं चालत, डोळे बारीक करून वर बघत आणि म्हणत, "आज लई झकास पडलंय!" जणू त्यांच्या शेतात पाऊसच पडलाय.

अक्का मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. पेठेतल्या प्राथमिक शाळेत त्या माझ्या शेजारच्या वर्गावर होत्या. खुशीत असल्या की मराठी बोलायच्या, चिडल्या की कानडी. एका सुट्टीत त्या कुठल्याशा प्रशिक्षणाहून सूर्यचूल घेऊन आल्या. आतून काळी पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आरसा. उन्हात ठेवली की आत डाळ-तांदूळ शिजतात. आज घरोघरी गच्चीवर सौर पॅनेल दिसतात, पण तेव्हा ‘सौर’ हा शब्दसुद्धा पाठ्यपुस्तकातच राहायचा. आणि अक्कांनी चक्क नोकरीचा राजीनामा देऊन या पेट्या घेऊन गावोगाव हिंडायला सुरुवात केली.

"अक्का, ऊन बाधलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"माझ्या आईचे डोळे धुरानं गेले की गं," त्या म्हणाल्या. "चूल बघितली की माझं डोस्कंच फिरतंय."

मुख्याध्यापकांनी मोठ्या मनानं त्यांची जागा जूनपर्यंत रिकामी ठेवली. तोवर पेट्या घ्यायला एकही गाव तयार झालं नाही, तर पेट्या माळ्यावर टाकून अक्का पुन्हा वर्गावर, असं ठरलं. खरं सांगते, त्या परत याव्यात असंच मला वाटत होतं. डबा खायला मला दुसरी सोबत कोणाची होती?

माझ्या मनासारखंच चाललं होतं. प्रात्यक्षिक म्हटलं की गर्दी व्हायची. लोक पेटीभोवती कोंडाळं करून आत वाकून बघायचे. सगळ्यांची सावली पेटीवर आणि डाळ कच्चीच! "सावली सोडा!" अक्का ओरडायच्या. लोक भले, लगेच मागं सरकायचे आणि "आता झालं असंल की" म्हणत पुन्हा पुढं यायचे. एका गावात तर दुपारी तीनला डाळ गुपचूप शेजारच्या चुलीवर नेऊन शिजवावी लागली. परतीच्या एसटीत अक्का वेळापूरचा थांबा यायच्या आत कानडीत जे काही बोलल्या, ते कळलं नाही हेच बरं.

मे संपत आला आणि करकंब हे एकच गाव उरलं. याही वेळी मी सोबत गेले. बघतो तर गावकऱ्यांनी देवळापुढं हा एवढा मंडप घातलेला. मधोमध सूर्यचुलीसाठी गादी अंथरलेली, वर पताका. उन्हाचा कवडसा म्हणाल तर औषधाला नाही!

"शहरातनं बाया येणार, त्यास्नी उन्हात बसवायचं व्हय?" महिला मंडळाच्या आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या. मला हसू आवरेना. मंडप काढा म्हणावं तर पाहुणचाराचा अपमान, न काढावा तर अक्का पुन्हा शाळेत.

अक्कांनी हात जोडले. "आत्याबाई, मंडप लई ग्वाड हाय. आपण समद्या यात बसू. डाळीला तेवढं बाहेर बसवू. ती काय पाहुणी न्हाय."

मंडपभर हशा पिकला. आणि जे आजवर कुठल्याच गावात जमलं नव्हतं, ते त्या मंडपानं करून दाखवलं. माणसं सावलीत बसली, पेटी उन्हात राहिली. तीन तास उखाणे झाले, भेंड्या झाल्या, अक्कांनी दोन कानडी गाणी म्हटली. इतका गार मंडप सोडून उन्हात डोकावायला जातंय कोण?

मग झाकण उघडलं. आत्याबाईंनी डाळीचा दाणा चिमटीत धरला. अक्कांचा चेहरा बघून मीच हात जोडले. देवा, शिजलेली असू दे, मी मनातल्या मनात म्हणत होते. डबा गेला खड्ड्यात.

"शिजलीया की!" आत्याबाई म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "धूर न्हाय?"

"न्हाय."

"राख बी न्हाय?"

"चिमूटभर न्हाय!"

"मग भांडी कशानं घासायची?"

प्रशिक्षणात या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलंच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "राख मी पुरवते."

करकंबनं पेट्या घेतल्या. पहिल्या खेपेला टेम्पोत पेट्यांच्या जोडीला राखेचं पोतं गेलं. ती राख आमच्या घरच्या बंबाची होती, आणि चाळून दिली होती मी. जूनमध्ये शेजारच्या वर्गावर नव्या बाई आल्या. पुढं अक्कांनी गच्चीवर सौर हीटर बसवायला लावून माझा बंबही बंद पाडला.

गेल्या थंडीत त्या दवाखान्यात होत्या. खाट खिडकीशी होती. करकंबच्या बायका भेटायला आल्या आणि लोक पेटीभोवती करायचे तसं खाटेभोवती कोंडाळं करून वाकल्या. अक्कांनी डोळेही उघडले नाहीत.

"सावली सोडा!"

आम्ही सगळ्या हसत मागं सरकलो. खिडकीतलं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. "झकास पडलंय," त्या म्हणाल्या, आणि पडून राहिल्या.

या वेळी कुणीच पुन्हा पुढं सरकलं नाही.