‘दॅन’च्या पुढचे शब्द

पन्नाशी उलटल्यावर मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. एकही शब्द सुटू नये अशी मला धास्ती असायची, म्हणून माझी वाक्यं लांबलचक व्हायची. एकदा तुलनेची वाक्यं करायची होती. मी लिहिलं, ‘इट इज कोल्डर इन चंदगड दॅन इट इज इन कोल्हापूर.’

मॅडमनी ‘दॅन’नंतरचं ‘इट इज’ खोडलं. “चूक नाही, पण एकदा सांगितलेलं पुन्हा कशाला?”

मला ते काही पटेना. शब्दच काढले तर समोरच्याला कळणार कसं?

मधल्या सुट्टीत चंदगडहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. “अगं, तुमच्यापेक्षा आमच्याकडं थंडी लई हाय की!”

मी जिन्यातच थांबले. “आक्का, परत म्हण!”

“कानाला काय झालंय का तुझ्या?” ती ओरडली.

‘तुमच्याकडं जेवढी थंडी आहे तिच्यापेक्षा’ असं ती म्हणालीच नव्हती, तरी मला सगळं कळलं होतं. जन्मभर आम्ही दोघी असेच शब्द गाळत बोलत आलो होतो!

फोन हातात धरूनच मी वर धावले आणि फळ्यावर लिहिलं, ‘माय सिस्टर टॉक्स लाउडर दॅन आय डू.’

“मॅडम, दुसरं ‘टॉक’ गाळलं, नुसतं ‘डू’ ठेवलं. चालेल?”

“चालेल काय, पळेल!”

सगळा वर्ग हसला. फोन अजून चालूच होता. आक्का विचारत होती, “कोण हसतंय गं माझ्यावर?”