सिस्टरबाईंचे पाठीमागचे हात

शेजारच्या सिस्टरबाई एरवी कुणाच्या शब्दाबाहेर जात नाहीत. पण त्या सकाळी मेट्रननं डायलिसिस वॉर्डच्या किल्ल्या पुढे केल्या आणि बाईंनी हात पाठीमागे नेले. किल्ल्या घेतल्या की पेशंटची जबाबदारी आपली, आणि तिथलं डायलिसिसचं मशीन तर त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

“नोकरी जाईल हं!”

“जाऊ दे मॅडम, पेशंट जायला नको. बीपी घेते, चादरी बदलते. मशीन शिकलेली सिस्टर बोलवा.”

किल्ल्या धरून मेट्रनचा हात अवघडला. शेवटी फणकाऱ्यानं तिनं सुट्टीवरच्या डायलिसिसच्या सिस्टरला फोन लावला.

संध्याकाळी नोकरी शाबूत घेऊन बाई घरी आल्या. हकिगत ऐकून नवरोबांनी खरकट्या भांड्यांकडे पाहिलं आणि हात पाठीमागे नेले.

“मलाही कुणी शिकवलं नाही!”

“या, शिकवते,” म्हणत बाईंनी घासणी पुढे केली.