चूलबंद आवतण

यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, की शहापुरातल्या आमच्या सासुरवाडीच्या गल्लीत कोणी 'का आलात' असं विचारत नाही. 'कुणाकडचं?' एवढंच विचारतात. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, तेरावं, काहीही असो, त्याचं आवतण यशोदाबाई देतात. त्यांच्या आधी हे काम त्यांच्या सासूबाई करत. त्यांचा नवरा कापडाच्या मागावर कामाला होता, आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. यशोदाबाईंचं वय त्रेसष्ट. कुंकू लावलेल्या अक्षतांचा स्टीलचा डबा पदराखाली धरून त्या आमच्या गल्लीची आणि शेजारच्या दोन बोळांची मिळून बासष्ट घरं फिरतात. यादी नसते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून सुरुवात करायची आणि केशव मास्तरांच्या पायरीवर संपवायचं, हा क्रम अडतीस वर्षांत बदललेला नाही.

कार्य सांगायला आलेल्या माणसाला त्या तीन गोष्टी विचारतात: कुणाचं, कधी आणि किती. तिसऱ्या प्रश्नाला तीनच उत्तरं असतात. घरटी एक, जोडप्याला किंवा चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना आवतण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही.

अलीकडे पत्रिका फोनवर येतात. गेल्या वर्षभरात त्यांना बोलावणारी जेमतेम चार कार्यं निघाली. तरी एक गोष्ट त्यांच्याकडे शाबूत होती. त्यांनी बोलावलेला माणूस कधी दारातून परत गेला नव्हता. एकदा एक साखरपुडा ऐनवेळी पुढे गेला, तेव्हा भर उन्हात बासष्ट घरं पुन्हा फिरून त्यांनी नवा दिवस सांगितला होता. गल्लीत त्यांच्या शब्दावर भांडी घासून पालथी घातली जातात, ती याच भरवशावर. हा भरवसा एका ॲपपायी पणाला लागला, आणि त्याला थोडासा मीही कारण झालो.

श्रेयांस मगदूम हा माझा विद्यार्थी. मूळचा निपाणीचा, घरचा बी-बियाण्यांचा व्यापार. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं बेंगळुरूला राहिला आणि परत येऊन उद्यमबागेत एका लेथच्या कारखान्यावरच्या माडीत ऑफिस थाटलं. भागीदार निवेदिता, टिळकवाडीतल्या एका वकिलांची मुलगी. त्यांच्या ॲपचं नाव 'गल्ली'. आपल्या गल्लीत आज काय चाललंय ते त्यात कळावं, अशी कल्पना. गॅसची गाडी कुठवर आली, कोणाची किल्ली सापडली, कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता.

मी एकतीस वर्षं मार्केटिंगचा पेपर शिकवत आलो. पुस्तकात प्रसिद्धीवर एक प्रकरण आहे, साडेअकरा पानांचं. प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहावं म्हणून श्रेयांसनं बोलावलं की मी जात असे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून विचारत असे. निवेदिता न कंटाळता सांगायची. ॲप निघालं ही बातमी नसते, सर, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. रोज ढीगभर ॲपं निघतात. कोणाचं तरी काहीतरी झालं, ही बातमी. वार्ताहराला माणूस लागतो आणि तिला माणूस सापडत नव्हता.

तरी ऑगस्टमध्ये तिनं चौदा ठिकाणी निवेदन पाठवलं. अकरा ठिकाणांहून काहीच आलं नाही. दोन वर्तमानपत्रांनी तीन-तीन ओळी छापल्या. बेंगळुरूच्या एका संकेतस्थळानं मात्र फोटोसह मोठा मजकूर दिला. फोटोत दोघं हाताची घडी घालून लेथला टेकून उभी होती. लेथ खालच्या कारखान्याचा, आणि त्याचा मालक महिनाभर त्यांना 'काय फिटर, आज सुट्टी व्हय?' असं विचारत होता. त्या मजकुरानं चार दिवसांत तीन हजार लोकांनी ॲप उतरवून घेतलं. महिन्यानं ते उघडणारे एकशे नव्वद उरले.

बाकीचे गेले कुठे, हे मला कळेना. श्रेयांसनं भिंतीवरचा नकाशा दाखवला. तीन हजार माणसं सातशे गल्ल्यांत विखुरलेली. कुठे तीन, कुठे पाच. आपल्या गल्लीचं दार उघडावं आणि आत सामसूम असावी, तसं प्रत्येकाला वाटलं असणार. बातमी वाचून आलेला माणूस डोकावून जातो, तो बसत नाही. सातशे गल्ल्यांत चार-चार माणसं असण्यापेक्षा एका गल्लीत दोनशे असली तर ॲप जगेल, असं त्याचं गणित होतं. पण एक अख्खी गल्ली एकदम आणायची कशी?

मी म्हणालो, आमच्या सासुरवाडीत एक बाई आहेत.

यशोदाबाईंनी आधी नाही म्हटलं. मोबाइलचं आवतण त्यांनी कधी दिलं नव्हतं. श्रेयांस दोनदा घरी गेला, त्यांच्या नवऱ्याशी मागाच्या गप्पा मारल्या, फोनवर ॲप उघडून दाखवलं. कोणी वारलं तर पोरीबाळींना सासरी कळेल, हे त्यांना पटलं. मग त्यांनी रीतसर तीन प्रश्न विचारले. कुणाचं, तर श्रेयांसचं, त्याच्या ॲपची ओळख करून द्यायचं. कधी, तर दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेअकराला, टिळकवाडीच्या हॉलमध्ये. किती, यावर श्रेयांस म्हणाला, सगळ्या घराला सांगा आक्का, आजी-आजोबांपासून सगळ्यांना आणा.

त्याच्या मनात फोन होते. प्रत्येक घरात चार माणसं म्हणजे तीन तरी फोन. यशोदाबाईंनी जे ऐकलं त्याचा शहापुरात एकच अर्थ होतो. साडेअकराला अख्खं घर बोलावलं, म्हणजे चूलबंद. त्यांनी डबा घेतला आणि बासष्ट घरं फिरल्या.

त्या रविवारी मी अकरा वाजताच हॉलवर पोचलो. ऐंशी खुर्च्या, मागे पडदा, टेबलावर चहाचा थर्मास आणि खारी-बिस्किटांची ताटं. निवेदितानं सहा वार्ताहरांना बोलावलं होतं. रविराज नावाचा एकटाच आला होता आणि तोही दहा मिनिटांत निघणार होता. सव्वाअकरापासून माणसं येऊ लागली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, म्हातारे टोपी घालून, लेकरं तेल लावून भांग पाडलेली. निवेदिता हरखली. पावणेबारापर्यंत अडीचशे माणसं झाली. भिंतीला टेकून, जिन्यावर, बाहेर झाडाखालीसुद्धा.

श्रेयांस माईकवर बोलत होता. माझं लक्ष बायकांकडे गेलं. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या, हॉलच्या मागच्या दाराकडे पाहत होत्या. तिकडून फोडणीचा वास यायला हवा होता. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी निवेदिताला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पहिली पंगत बायकांची का पुरुषांची गं?"

निवेदिता माझ्याकडे आली, मी श्रेयांसकडे गेलो, श्रेयांसनं माईक खाली ठेवला. तिघं मागच्या खोलीत गेलो आणि यशोदाबाईंना बोलावलं. काय झालं ते दोन वाक्यांत उलगडलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. श्रेयांस म्हणाला, चहा-बिस्कीट देऊ, माफी मागू, लोक समजून घेतील.

यशोदाबाईंचा आवाज चढला नाही. "बासष्ट घरात आज चूल पेटलेली न्हाय," त्या म्हणाल्या. "माफी तू मागशील आणि जाशील निपाणीला. मला उद्या त्याच दारावरनं जायचंय, बाळ."

मग त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. श्रेयांसचा फोन घेऊन भरमा आचाऱ्याला लावायला सांगितला. भरमा शहापुरातलाच, कार्यांची जेवणं करणारा. मसालेभात, शिरा, ताक, तीनशे माणूस, दीड तासात. पलीकडून भरमा बराच वेळ काहीतरी बोलत होता. यशोदाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं कार्य हाय असं समज." टेम्पोतून चुली, पातेली आणि भरमा अर्ध्या तासात हॉलच्या मागे उतरले. यशोदाबाई स्वतः खुर्ची घेऊन दारात बसल्या. जेवल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या.

पुढचा दीड तास मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. अडीचशे भुकेली माणसं, हातात फोन, करायला काही नाही. निवेदिता खुर्च्यांच्या ओळींतून फिरून एकेकाच्या फोनवर ॲप उतरवून देऊ लागली. नातवंडांनी आजोबांचे फोन घेतले. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन जावा एकमेकींना ॲपवरून 'भूक लागली' असं लिहू लागल्या. भात उतरला तेव्हा एकशे एकाहत्तर फोनांत 'गल्ली' होतं आणि सगळे एकाच गल्लीतले. दहा मिनिटांसाठी आलेला रविराज शिरा दोनदा घेऊन गेला.

मंगळवारी दोन वर्तमानपत्रांत बातमी आली. रविराजनं चार ओळींऐवजी अर्धा कॉलम लिहिला होता. आवतणाची रीत, तीन प्रश्न, दारात बसलेल्या यशोदाबाईंचा फोटो. दुसऱ्या वर्तमानपत्रातून कोणी आलंच नव्हतं, तरी त्यांनी छापलं: 'जेवणाचे आमिष दाखवून ॲपसाठी गर्दी'. निवेदिताला दोन्ही चालत होत्या. दोन दिवसांत अकराशे नवी माणसं आली, त्यातली निम्मी त्या दुसऱ्या बातमीनं. ऑफिसात पेढे वाटले गेले. श्रेयांसनं मला सांगितलं, आक्कांना विचारा, अनगोळ, वडगाव, पुढे निपाणी, सगळीकडे त्यांनीच आवतण द्यावं.

मी संध्याकाळी शहापुरात गेलो. यशोदाबाईंनी दुसरी बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"आमिष माशाला लावत्यात, जावईबापू," त्या म्हणाल्या.

श्रेयांसचा निरोप सांगायचं मला सुचलं नाही. त्या उठल्या, डबा न घेता तशाच पायांत चप्पल सरकवून गिरणीपासून सुरुवात केली. मी मागे गेलो. मला जाणून घ्यायचं होतं की त्या काय सांगणार. त्या सांगत नव्हत्या, विचारत होत्या. प्रत्येक दारात एकच प्रश्न: जेवायला आलता, का मी बोलावलं म्हणून आलता? ते मोबाइलचं नको असेल तर काढून टाका, माझं काही म्हणणं नाही.

बायका आधी गोंधळत, मग पदर तोंडाला लावून हसत. तू बोलावलंस म्हणून, असं बहुतेकींचं उत्तर. सात घरांनी ॲप काढून टाकल्याचं सांगितलं. त्यांना यशोदाबाई 'बरं केलंस' म्हणाल्या आणि ते मनापासून म्हणाल्या. एकीनं सांगितलं की गॅसची गाडी आता चुकत नाही. दुसरीनं तक्रार केली की जाऊ रात्रंदिवस त्यातच असते.

शेवटची पायरी केशव मास्तरांची. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण तपासनिसाची नजर गेलेली नाही. ते फोन नाकाजवळ धरून बसले होते. यशोदाबाईंनी तोच प्रश्न विचारला.

"जेवायला आलतो," मास्तर म्हणाले. "आणि भात मऊ झालता."

मला वाटलं, त्यांना लागेल. त्या पायरीवर बसल्या. "मग पुन्हा बोलावलं तर येणार न्हाईसा?"

"तू बोलावलंस तर येणार. भात मऊ झालता हे तरीबी सांगणार. इथं लिहिलंय मी."

त्यांनी फोन पुढे केला. रविवारी रात्री त्यांनी 'गल्ली'वर एक ओळ लिहिली होती: आजचा मसालेभात मऊ होता. खाली एक्केचाळीस उत्तरं आली होती. कोणी म्हणत होतं तांदूळ नवा होता, कोणी म्हणत होतं दीड तासात एवढाच होतो, एकीनं स्वतःच्या लग्नातल्या भाताची आठवण काढली होती, तिच्या नणंदेनं ती खोडून काढली होती. श्रेयांस आणि निवेदितानं तीन महिने डोकं लावून जे केलं, त्यातल्या कशावर या गल्लीत एवढी माणसं एकमेकांशी बोलली नव्हती. मी तो आकडा डायरीत टिपून घेतला.

यशोदाबाईंनी मास्तरांना सगळी उत्तरं वाचायला लावली. नाव ऐकलं की 'ही गिरणीजवळची' किंवा 'हिचं माहेर चिकोडी' असं म्हणत. वीस-बावीस उत्तरं झाल्यावर त्यांनी मास्तरांना थांबवलं आणि विचारलं, भरमानं काय लिहिलंय?

भरमानं काहीच लिहिलं नव्हतं. तो 'गल्ली'वर नव्हताच.

"म्हंजे त्याच्या माघारी चाललंय सगळं," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, घरी जाऊन अक्षतांचा डबा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, चला, भरमाचं घर दोन बोळं पलीकडं आहे, त्याच्या फोनात ते कसं घालायचं ते तुम्हाला येत असेल तर बरं. मला येत नव्हतं. मी वाटेतच श्रेयांसला फोन लावला.